विश्लेषण : पॅनिक अटॅकमध्ये हृदयाचे ठोके का वाढतात? घड्याळातला आकडा कधी गांभीर्याने घ्यायचा?

लोकलमध्ये उभे असताना, ऑफिसच्या मीटिंगमध्ये किंवा अगदी रात्री अंथरुणात पडल्या पडल्या अचानक छाती धडधडू लागते. तळहाताला घाम सुटतो, श्वास अपुरा पडतो, हातपाय गार पडतात. मनगटावरचे स्मार्टवॉच १२८ असा आकडा दाखवते आणि तो पाहून धडधड आणखी वाढते. हा हार्ट अटॅक आहे, असे समजून अनेक जण थेट रुग्णालय गाठतात. ईसीजी नॉर्मल येतो. ‘काही नाही, टेन्शन आहे’ असे सांगून घरी पाठवले जाते. पण काहीच नव्हते, तर ठोके वाढले कशाने, याचे उत्तर बहुतेकांना मिळत नाही. पुढच्या वेळी तीच भीती पुन्हा उभी राहते. पॅनिक अटॅकच्या वेळी हृदयात नेमके काय होते, ते शांत कसे करावे आणि कोणत्या वेळी ‘टेन्शन’ म्हणून दुर्लक्ष करणे धोक्याचे ठरते, हे समजून घेऊ.

पॅनिक अटॅक म्हणजे नेमके काय?

तीव्र भीतीची किंवा अस्वस्थतेची अचानक उसळणारी आणि काही मिनिटांत शिगेला पोहोचणारी लाट म्हणजे पॅनिक अटॅक. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या ‘डीएसएम-५’ या निदान पुस्तिकेत त्याची १३ लक्षणे दिली आहेत. छातीत धडधडणे, घाम, थरथर, धाप लागणे, गुदमरल्यासारखे वाटणे, छातीत दुखणे, मळमळ, चक्कर, थंडी वाजणे किंवा गरम वाफा येणे, मुंग्या येणे, आजूबाजूचे किंवा आपण स्वतः खरे नसल्यासारखे वाटणे, ताबा सुटण्याची भीती आणि मरणाची भीती. यांपैकी किमान चार लक्षणे एकाच वेळी असतील, तर त्याला पॅनिक अटॅक म्हणतात. 

यादी नीट पाहिली, तर एक गोष्ट लक्षात येते. बहुतांश लक्षणे शरीराची आहेत, मनाची नव्हेत. म्हणूनच ही व्यक्ती आधी हृदयरोगतज्ज्ञाकडे जाते, मानसोपचारतज्ज्ञाकडे नाही.

एखाद-दुसरा अटॅक आला म्हणजे आजार जडला, असे नाही. परीक्षा, नोकरीतील ताण, घरातील मृत्यू, सलग जागरणे अशा काळात तो कोणालाही येऊ शकतो. मात्र अटॅक अनपेक्षितपणे वारंवार येऊ लागले आणि ‘पुन्हा येईल का’ या धास्तीत महिनाभर किंवा त्याहून अधिक काळ गेला, किंवा त्यापायी वागणे बदलले, तर त्याला ‘पॅनिक डिसऑर्डर’ म्हणतात. पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळते.

बसल्या जागी ठोके इतक्या वेगाने कसे वाढतात?

प्रौढ व्यक्तीचे विश्रांतीच्या वेळचे ठोके साधारण मिनिटाला ६० ते १०० असतात. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात ‘सायनस नोड’ नावाचा पेशींचा एक छोटा पुंजका असतो. ठोक्यांची लय तो ठरवतो. या पुंजक्याला कोणीही अडवले नाही, तर त्याचा स्वतःचा वेग मिनिटाला १०० च्या आसपास असतो. मग शांत बसलेल्या माणसाचे ठोके ७० कसे? कारण मेंदूतून निघणारी ‘व्हेगस’ ही नस त्याला सतत मागे खेचत असते. म्हणजे गाडी उभी असतानाही ब्रेकवर पाय ठेवलेलाच असतो.

धोक्याची चाहूल लागताच मेंदू दोन गोष्टी करतो. आधी ब्रेकवरचा पाय काढतो. व्हेगसचा परिणाम एक-दोन ठोक्यांतच कमी होतो, त्यामुळे काही सेकंदांत आकडा वर सरकतो. त्यापाठोपाठ ॲक्सिलरेटर दाबला जातो. ‘सिम्पथेटिक’ मज्जासंस्था जागी होते आणि मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींमधून ॲड्रेनालिन रक्तात मिसळते. हृदय नुसते वेगाने नव्हे, तर जोरानेही आकुंचन पावते. म्हणून ठोके छातीत, गळ्यात, कधी उशीवर टेकलेल्या कानातही ऐकू येतात.

अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये या प्रतिक्रियेचे वर्णन ‘लढा किंवा पळा’ असे केले. समोर साप आला, तर ती जीव वाचवते. स्नायूंना जास्त रक्त मिळते, श्वास वाढतो, घामाने शरीर थंड राहते. पॅनिक अटॅकमध्येही नेमके हेच घडते. फक्त समोर साप नसतो. इमारतीत धूर नसताना फायर अलार्म वाजावा, तसा हा प्रकार आहे. अलार्म खोटा असला, तरी त्यानंतर होणारी पळापळ खरी असते. म्हणूनच ‘तुझ्या मनाचे खेळ आहेत’ हे वाक्य त्या व्यक्तीला पटत नाही. ठोके खरोखरच वाढलेले असतात.

आकडा किती वर जातो? त्याने हृदयाला इजा होते का?

ठरलेला एक आकडा नाही. काहींचे ठोके जेमतेम १०० ओलांडतात, काहींचे १३०-१४० पर्यंत जातात. तुलनेसाठी, सामान याच हातातून त्या हातात घेत तीन-चार मजले भराभर चढून गेल्यावरही अनेकांचे ठोके याच टप्प्यात असतात. तिथे भीती वाटत नाही, कारण वाढीचे कारण माहीत असते. निरोगी हृदय व्यायामात यापेक्षा जास्त वेग कितीतरी वेळ सहन करते. त्यामुळे मूळचा हृदयविकार नसलेल्या व्यक्तीच्या हृदयाला अशा एखाद्या अटॅकने इजा होत नाही.

आश्चर्य वाटेल, पण काही वेळा ठोके फारसे वाढतही नाहीत. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात रुग्णांना दिवसभर ठोके मोजणारे यंत्र लावले होते. रुग्णांनी नोंदवलेल्या ३३ पॅनिक अटॅकपैकी १९ वेळा ठोके हालचालीच्या मानाने जास्त होते. उरलेल्या वेळी तसे दिसले नाही. ‘हृदय आता फुटेल’ ही भावना आणि प्रत्यक्ष आकडा यांचा मेळ दरवेळी बसतोच असे नाही. भीतीमुळे लक्ष छातीकडे लागले, की एरवी न जाणवणारा ठोकाही हातोड्यासारखा जाणवतो.

धडधडीची भीती धडधड का वाढवते?

पॅनिक अटॅक समजून घेण्याची किल्ली इथे आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार, पॅनिक अटॅक येतो तो शरीरातील साध्या बदलाचा भयंकर अर्थ लावल्यामुळे. ठोका जरा चुकला किंवा वाढला, की ‘हे हार्ट अटॅकचे लक्षण’ असा अर्थ लागतो. त्या विचाराने भीती वाढते. भीतीने ॲड्रेनालिन वाढते. त्याने ठोके वाढतात. वाढलेले ठोके हा आपल्या भीतीचा पुरावा वाटतो, आणि चक्र पुन्हा सुरू होते.

मांडवात माइक स्पीकरच्या समोर नेला, की कर्कश शिट्टी वाजते. स्पीकरचा आवाज माइकमध्ये जातो, तोच मोठा होऊन पुन्हा स्पीकरमधून येतो. माइक किंवा स्पीकर बिघडलेला नसतो. बिघडलेली असते ती दोघांची जागा. पॅनिक अटॅकमध्ये हृदय आणि मेंदू यांचे असेच होते.

१९८८ मधील एका प्रयोगाने हे स्पष्ट केले. पॅनिक डिसऑर्डर असलेल्यांना आणि नसलेल्यांना ‘तुमचे ठोके अचानक वाढले आहेत’ असा खोटा संकेत देण्यात आला. ज्यांनी तो खरा मानला, त्यांच्यातील पॅनिकच्या रुग्णांची भीती वाढली आणि त्यांचे खरे ठोकेही वाढले. इतरांवर तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे वाढलेल्या ठोक्यांची नुसती बातमीही ठोके वाढवायला पुरते.

या चक्रात श्वासही भर घालतो. घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो. त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि गरगरते. ओठ, बोटे यांना मुंग्या येतात. गंमत अशी, की शरीरात ऑक्सिजन पुरेसा असतानाही हवा कमी पडल्यासारखे वाटते आणि माणूस आणखी जोराने श्वास ओढतो.

अटॅक खरेच अचानक येतो का?

‘काही कारण नसताना आला’ असे बहुतेक रुग्ण सांगतात. अमेरिकेतील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४३ रुग्णांचे ठोके, श्वास आदींची एकूण १,९६० तास नोंद घेतली. त्या काळात १३ पॅनिक अटॅक आले. अटॅक जाणवण्याच्या जवळपास ४७ मिनिटे आधीपासून शरीरात अस्थिरतेच्या लाटा दिसत होत्या. रुग्णांना मात्र त्याचा पत्ता नव्हता.

याचा अर्थ दिवसभर स्वतःच्या शरीरावर पहारा ठेवावा, असा नाही. त्याने भीती वाढतेच. पण जागरण, उपाशीपोट, पाचवा-सहावा चहा, ताप, मद्यपानानंतरची सकाळ, पाणी कमी पिणे या गोष्टी ठोके आधीच थोडे वर नेऊन ठेवतात आणि मग एवढ्याशा कारणाने चक्र फिरू लागते. ‘अचानक’ आलेल्या अटॅकमागचे बरेच धागे असे साधे असतात.

हा आजच्या धकाधकीचा आजार आहे का?

नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात फिलाडेल्फियातील डॉक्टर जेकब दा कॉस्टा यांच्याकडे असे सैनिक येत, ज्यांना धडधड, छातीत दुखणे, धाप, चक्कर असा त्रास होता; पण हृदयात दोष सापडत नव्हता. अशा सुमारे ३०० सैनिकांची निरीक्षणे त्यांनी १८७१ मध्ये प्रसिद्ध केली आणि या अवस्थेला ‘चिडखोर हृदय’ म्हटले. पुढे ती ‘सोल्जर्स हार्ट’ म्हणून ओळखली गेली. पहिल्या महायुद्धातही डॉक्टरांना असे सैनिक मोठ्या संख्येने दिसले. हृदय निरोगी आहे, मग दोष कुठे, हा प्रश्न शंभर वर्षे घोळत राहिला. ‘पॅनिक डिसऑर्डर’ असे स्वतंत्र निदान अधिकृत पुस्तिकेत आले ते १९८० मध्ये.

स्मार्टवॉचची मदत होते की त्रास?

दोन्ही. घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा दिवा त्वचेवर प्रकाश टाकतो. प्रत्येक ठोक्याबरोबर मनगटातील रक्ताचे प्रमाण बदलते, त्यानुसार परतणारा प्रकाशही बदलतो. त्यावरून घड्याळ ठोके मोजते. पट्टा सैल असेल, हात हलत असेल किंवा थरथरत असेल, घाम आला असेल, तर आकडा चुकू शकतो. पॅनिक अटॅकमध्ये नेमक्या याच गोष्टी घडत असतात.

काही घड्याळांत ईसीजीची सोय असते. अनियमित लय पकडायला तिचा उपयोग होतो. पण ती एकाच ‘लीड’ची असते; रुग्णालयातील ईसीजी १२ लीडचा असतो. त्यामुळे घड्याळाचा ईसीजी ‘नॉर्मल’ आला म्हणजे हार्ट अटॅक नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही.

दुसरी बाजू अशी, की घड्याळ स्वतःच भीतीच्या चक्राचा भाग बनते. २०२० मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी एका ७० वर्षांच्या महिलेची केस वैद्यकीय नियतकालिकात मांडली. तिला हृदयाच्या अनियमित लयीचा आजार होता. तिने वर्षभरात घड्याळावर ९१६ ईसीजी काढले आणि १२ वेळा दवाखाना किंवा आपत्कालीन विभाग गाठला. प्रत्येक वेळी ‘ठीक आहे’ हे कळल्यावर मिळणारा दिलासा काही तासच टिकतो. मग पुन्हा तपासावेसे वाटते.

ज्यांना पॅनिक अटॅक येतात आणि ज्यांची हृदयतपासणी झाली आहे, त्यांनी अटॅक सुरू असताना घड्याळ पाहू नये, शक्य असल्यास काढून ठेवावे. घड्याळातील इतिहास नंतर डॉक्टरांना दाखवायला उपयोगी पडतो. 

हार्ट अटॅक की पॅनिक अटॅक, हे घरी ओळखता येते का?

खात्रीने नाही. ही या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. ढोबळ फरक असे सांगता येतात. पॅनिक अटॅक सहसा दहा मिनिटांत शिगेला पोहोचून अर्ध्या तासात ओसरू लागतो. छातीतील दुखणे अनेकदा टोचल्यासारखे, एका जागी असते. हार्ट अटॅकमध्ये छातीवर वजन ठेवल्यासारखा दाब येतो, तो डावा हात, खांदा, जबडा किंवा पाठीकडे पसरतो, श्रमाने वाढतो आणि थांबत नाही. 

पण मधुमेही, ज्येष्ठ नागरिक आणि स्त्रियांमध्ये हार्ट अटॅकची लक्षणे वेगळी असू शकतात. केवळ धाप, मळमळ, अतिथकवा किंवा पोटाच्या वरच्या भागात जळजळ. ‘ॲसिडिटी असेल’ म्हणत घालवलेला तास जिवावर बेततो.

त्यामुळे नियम सोपा ठेवावा. असा त्रास आयुष्यात पहिल्यांदाच होत असेल, दुखणे काही मिनिटांत ओसरत नसेल, बेशुद्धी आली असेल किंवा वय चाळिशीपुढे असून रक्तदाब, मधुमेह, तंबाखू किंवा कुटुंबात हृदयविकार असेल, तर घरी निदान करत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. स्वतः गाडी चालवत जाऊ नये. एक ईसीजी नॉर्मल आला तरी डॉक्टर काही तासांनी पुन्हा ईसीजी आणि ‘ट्रोपोनिन’ ही रक्ततपासणी करायला सांगू शकतात. पॅनिक अटॅकसाठी रुग्णालयात गेल्याने फार तर दोन तास जातील. उलट चूक झाली, तर ती दुरुस्त करता येत नाही.

‘टेन्शन आहे’ म्हणून खरा आजार राहून जातो का?

जातो. ‘एसव्हीटी’ या आजारात हृदयातील विद्युत संदेश एका आडवाटेने गोल फिरू लागतो आणि ठोके एकदम १५० ते २५० पर्यंत जातात. धडधड, धाप, चक्कर, भीती ही लक्षणे पॅनिकसारखीच. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात एसव्हीटीच्या १०७ रुग्णांपैकी ६७ टक्के जणांची लक्षणे पॅनिक डिसऑर्डरच्या निकषांत बसत होती. निम्म्याहून अधिक रुग्णांचा आजार पहिल्या तपासणीत ओळखला गेला नव्हता. आणि ज्यांचा त्रास ताण किंवा पॅनिक म्हणून सोडून दिला गेला, त्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा बरेच जास्त होते.

फरक ओळखण्यासाठी डॉक्टर काही प्रश्न विचारतात. ठोके चढत-उतरत वाढतात की बटण दाबल्यासारखे एका क्षणात सुरू आणि बंद होतात? लय सारखी आहे की वेडीवाकडी? टेबलावर बोटाने ती वाजवून दाखवता येईल का? पॅनिकमध्ये वेग सहसा चढावासारखा वाढतो आणि उतारासारखा कमी होतो. एसव्हीटी बटणासारखी वागते. शंका असेल, तर २४ तास किंवा अधिक काळ ‘होल्टर’ यंत्र लावून नोंद घेतली जाते.

याशिवाय थायरॉइड वाढणे, रक्तातील साखर उतरणे, दम्याचे काही पंप, सर्दीची काही औषधे यांनीही धडधड होते. आपल्याकडे विशेष लक्षात ठेवण्याजोगे कारण म्हणजे ॲनिमिया. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना तो आहे. हिमोग्लोबिन कमी असले, की तेवढाच ऑक्सिजन पोहोचवायला हृदयाला जास्त वेळा धडकावे लागते. म्हणून ‘पॅनिक’ हा शिक्का बसण्याआधी ईसीजी, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि साखर या तपासण्या एकदा तरी झालेल्या असाव्यात. विशेषतः ‘बाईला टेन्शन आहे’ असे कोणी तपासणीशिवाय म्हणत असेल, तेव्हा.

अटॅक आला की त्या दहा मिनिटांत काय करावे?

तपासण्या झाल्या आहेत, हा पॅनिक अटॅकच आहे हे डॉक्टरांनी सांगितले आहे, अशा व्यक्तींसाठी पुढील उपाय आहेत.

१. नाव द्या. मनात किंवा हळू आवाजात म्हणा, ‘हा पॅनिक अटॅक आहे. याआधी आला होता, गेला होता. आताही जाईल.’ रक्तात आलेले ॲड्रेनालिन मिनिटागणिक झपाट्याने घटत असते. नवी भीती घातली नाही, तर लाट आपोआप उतरते.

२. श्वास सोडण्यावर लक्ष द्या. नाकाने हळूच चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा आकडे मोजत सोडा. ओठांचा चंबू करून सोडला तरी चालेल. तीन ते पाच मिनिटे. श्वास आत घेताना ठोके किंचित वाढतात आणि सोडताना कमी होतात, कारण सोडताना व्हेगसचा ब्रेक पुन्हा लागतो. म्हणून उच्छ्वास लांबवायचा. ‘दीर्घ श्वास घे’ हा सल्ला मात्र अर्धवट आहे. छाती भरून मोठमोठे श्वास घेतले, तर चक्कर आणि मुंग्या वाढतात. भ्रामरी येत असेल तर उत्तम, तिच्यात उच्छ्वास आपोआप लांबतो. कपालभाती किंवा भस्त्रिका अशा वेळी करू नये, त्यात श्वासाचा वेग वाढतो.

३. लक्ष बाहेर वळवा. दिसणाऱ्या पाच वस्तू, स्पर्श करता येतील अशा चार, ऐकू येणारे तीन आवाज, दोन वास, एक चव. लोकलमध्ये असाल, तर पुढची तीन स्थानके, समोरच्या जाहिरातीतील शब्द, दांड्याचा गार स्पर्श. लक्ष छातीवरून हटले, की माइक स्पीकरसमोरून बाजूला होतो.

४. थंड पाण्याचा हबका. चेहऱ्यावर, विशेषतः डोळे आणि नाकाभोवती थंड पाणी लागले, की ठोके मंदावण्याची नैसर्गिक प्रतिक्रिया होते. पाण्यात बुडी मारणाऱ्या प्राण्यांमध्ये ती ठळकपणे दिसते, माणसातही असते. हृदयविकार असलेल्यांनी मात्र बर्फाच्या पाण्याचे प्रयोग टाळावेत.

५. शक्य तर तिथेच थांबा. मीटिंगमधून, दुकानातून, गाडीतून पळून गेल्यावर लगेच बरे वाटते; पण ‘पळालो म्हणून वाचलो’ असे मेंदू शिकतो. पुढच्या वेळी ती जागा टाळली जाते. वाहन चालवत असाल, तर ते बाजूला घेऊन थांबवा.

एक बारीक पण मोलाची गोष्ट. श्वासाचा उपाय ठोके ‘ताबडतोब खाली आणण्यासाठी’ किंवा जीव वाचवण्यासाठी करायचा नाही. तसा केला, की ‘अजून खाली का येत नाहीत’ अशी नवी चिंता सुरू होते. ठोके वर असले तरी धोका नाही, हे स्वतःला दाखवण्यासाठी तो करायचा. आकडा मग सावकाश उतरतो.

काय टाळावे?

कागदी पिशवीत श्वास घेण्याचा सल्ला जुना झाला आहे. त्रास पॅनिकचा नसून दम्याचा किंवा हृदयाचा असेल, तर त्याने जीव धोक्यात येऊ शकतो. घरात कोणाची तरी असलेली सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली ठेवू नये; तिने रक्तदाब उतरून ठोके उलट वाढू शकतात. मद्य, सिगारेट यांनी क्षणभर सैलावल्यासारखे वाटते, पण दोन्ही पुढचा अटॅक जवळ आणतात. दर दहा सेकंदांनी नाडी तपासणे आणि त्याच वेळी मोबाइलवर लक्षणे शोधणे, हेही थांबवावे.

शेजारी कोणाला अटॅक आला तर?

गर्दी हटवावी. बाजूला बसावे आणि आवाज संथ ठेवावा. ‘घाबरू नकोस’, ‘एवढं काय त्यात’ या वाक्यांचा उपयोग होत नाही. ‘मी इथंच आहे, थोड्या वेळात उतरेल, माझ्याबरोबर श्वास सोड’ हे पुरते. विचारल्याशिवाय धरू नये, पाणी बळेच पाजू नये. आधी असे झाले होते का, हृदयाचा त्रास आहे का, एवढे विचारावे. उत्तर ‘पहिल्यांदाच’ असे असेल किंवा मिळतच नसेल, तर १०८.

वारंवार होत असेल तर उपचार आहेत का?

आहेत, आणि ते परिणामकारक आहेत. ‘कॉग्निटिव्ह बिहेव्हिअरल थेरपी’ म्हणजे सीबीटी ही पॅनिक डिसऑर्डरसाठी सर्वाधिक अभ्यासली गेलेली मानसोपचार पद्धत. तिच्यातील एक भाग ऐकून नवल वाटते. थेरपिस्ट रुग्णाला मुद्दाम जिना चढायला, जागच्या जागी धावायला, खुर्चीत गोल फिरायला सांगतात. धडधड, धाप, गरगर हे सारे ठरवून आणायचे आणि काहीही वाईट होत नाही, हे पुन्हा पुन्हा अनुभवायचे. हळूहळू ठोक्यांचा ‘धोका’ हा अर्थच पुसला जातो.

औषधांत ‘एसएसआरआय’ गटातील गोळ्या प्रामुख्याने दिल्या जातात. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात; मनाने बंद करू नयेत. झोपेच्या गटातील काही गोळ्या झटपट आराम देतात, पण सवय लागते, म्हणून त्या थोड्या काळापुरत्याच असतात. ठोके कमी करणाऱ्या ‘बीटा ब्लॉकर’ गोळ्या मित्राने दिल्या म्हणून घेऊ नयेत. दम्याच्या रुग्णांना त्या घातक ठरू शकतात.

रोज चालणे, पोहणे, सायकल याचाही फायदा होतो. नियमित व्यायामाने विश्रांतीचे ठोके कमी होतात आणि वाढलेल्या ठोक्यांची शरीराला ओळख पटते.

मदत कुठे मिळेल?

‘निम्हान्स’ने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १०.६ टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक आजार होता आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के जणांपर्यंत उपचार पोहोचत नव्हते. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ किंवा १८००८९१४४१६ या क्रमांकांवर चोवीस तास मराठीतूनही बोलता येते. जिल्हा रुग्णालयांत मानसोपचार बाह्यरुग्ण विभाग असतात. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. गोव्यात बांबोळी येथील मानसोपचार व मानवी वर्तणूक संस्थेत उपचार मिळतात.

पॅनिक अटॅकमुळे खरे नुकसान होते ते हृदयाचे नव्हे, दिनक्रमाचे. आधी लोकल सुटते, मग लिफ्ट, मग लग्नसमारंभ, मग एकट्याने बाहेर पडणे. ‘मी असा कोपऱ्यात का बसलो आहे’ हे घरच्यांना सांगता येत नाही. एखादी जागा केवळ ‘तिथे धडधडेल’ या धास्तीने टाळली जात असेल, तर तेवढे कारण डॉक्टरांना भेटायला पुरेसे आहे. आणखी एका ईसीजीची वाट पाहण्याची गरज नाही.

(ही माहिती सर्वसाधारण स्वरूपाची असून ती वैद्यकीय सल्ल्याला पर्याय नाही. त्रास होत असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.)